कंपनीतलं जुनं अग्निशमन साहित्य छोट्या नगरपंचायतीला कसं द्यावं

मोठ्या कारखान्यांत होज (आगीवर पाणी मारायचे पाइप), बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क), फायर सूट खराब झाले म्हणून बदलतात असं क्वचितच होतं. ऑडिटरने शेरा मारला, विमा कंपनीने विचारणा केली, मुख्यालयाने सगळ्या प्लांटसाठी एकच मेक ठरवला, की नवीन खरेदी होते. जुना माल स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये जातो, दोन पावसाळे खातो आणि मग भंगाराच्या टेम्पोत चढतो. त्याच कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावर एखाद्या नगरपंचायतीचं अग्निशमन केंद्र असतं. तिथे बंब एकच, माणसं निम्मी कंत्राटी आणि होजला जागोजागी ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या.

मी बरीच वर्षं रासायनिक कारखान्यांत सेफ्टीचं काम करतोय. अशा देवाणघेवाणी होताना पाहिल्यात, काही स्वतः केल्यात. द्यायची इच्छा बहुतेकांना असते. पण सुरुवात "आमच्याकडे काय पडलंय" इथून होते आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. सुरुवात घेणाऱ्याच्या शेडमधून करा.

आधी जाऊन बघा

फोनवर "साहेब, काही साहित्य हवंय का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "द्या की, काहीही चालेल." नाही कोण म्हणणार? म्हणून प्रत्यक्ष जा. मुख्याधिकाऱ्यांना भेटा, पण त्याआधी अर्धा तास बंबाच्या ड्रायव्हरबरोबर आणि फायरमनबरोबर चहा घ्या. खरी यादी तिथे मिळते.

विचारायचं ते साधं आहे. गेल्या वर्षभरात कसले कॉल आले? उसाचा फड, कडब्याची गंजी, जिनिंग मिलमधला कापूस, घरातला गॅस सिलिंडर, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, विहिरीत पडलेली गाय. बंब रिकामा झाला की पाणी कुठून भरता? कुठलं साहित्य मागून मिळालं नाही? बीए सेट असेल तर हवा कुठून भरून आणता? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

एका केंद्रात मी चकचकीत अल्युमिनाइज्ड सूट काचेच्या कपाटात टांगलेला पाहिला होता, खाली देणगीदाराच्या नावाची पाटी. सूट एकच, तोही सगळ्यात मोठ्या मापाचा. खाली उभी असलेली माणसं खाकी सुती गणवेशात आगीवर जात होती. त्यांनी मागितलेला सक्शन होज (विहिरी-तळ्यातलं पाणी पंपाकडे ओढायचा पाइप) मात्र कोणी दिला नव्हता, कारण सक्शन होजबरोबर फोटो चांगला येत नाही.

सक्शन होजचं महत्त्व कारखान्यातल्या माणसाला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे हायड्रंट उघडला की दाबाने पाणी येतं. तालुक्याच्या गावात हायड्रंट लाइन नसतेच. विहीर, शेततळं, कॅनॉल यांतून पाणी ओढावं लागतं. बंबाचा पंप कितीही दणकट असला तरी साधारण सात मीटरच्या खालचं पाणी तो ओढू शकत नाही. हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि त्याची मर्यादा समुद्रसपाटीला कागदावरसुद्धा जेमतेम दहा मीटर आहे. मार्च-एप्रिलमध्ये विहिरींची पातळी खाली गेली की बंब काठावर उभा राहतो आणि पाणी खाली दिसत राहतं. अशा गावाला पाण्यावर सोडायचा पोर्टेबल फ्लोटिंग पंप दहा फायर सूटांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भेटीत एक काम न विसरता करा. बंबाच्या आउटलेटचे, असलेल्या होजच्या कपलिंगचे (टोकाच्या धातूच्या जोडाचे) आणि सक्शन इनलेटच्या आट्यांचे जवळून फोटो काढा, माप घ्या. आपल्याकडे डिलिव्हरी होज बहुतेक ६३ मिमीचा आणि खटक्याने बसणाऱ्या मेल-फिमेल कपलिंगचा असतो, त्यामुळे तो सहसा जुळतो. सक्शनच्या आट्यांचं तसं नाही. आयात केलेल्या मशीनबरोबर आलेले स्टॉर्झ (मेल-फिमेल असा भेद नसलेल्या, युरोपीय पद्धतीच्या) कपलिंगचे होज तर अ‍ॅडॉप्टरशिवाय पाठवूच नका.

माल निवडताना

शेडमधला माल काढून तीन ढीग करा: देण्याजोगा, फक्त सरावासाठी, आणि तोडून टाकायचा. निवडताना मी एकच प्रश्न लावतो. उद्या आपल्याच प्लांटमध्ये आग लागली तर आपला माणूस हे घालून, हे हातात धरून आत जाईल का? उत्तर "हो, पण" असं आलं तर वस्तू दुसऱ्या ढिगात.

होजपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते आणि तपासायलाही तो सोपा. होजवर आयएस मार्क, बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर खरेदीच्या कागदावरून काढा. होज पूर्ण उलगडा. घडीच्या जागी जाकीट झिजलंय का, अ‍ॅसिडचे डाग आहेत का, उंदरांनी कुरतडलंय का, कपलिंगजवळची तांब्याची तार सैल झालीय का, ते हाताने चाचपून बघा. मग दाबाची चाचणी. कपलिंगच्या मागे, होज जिथे तारेने बांधलेला असतो तिथे, मार्करने होजभोवती रेघ मारा. होज सरळ अंथरा, पाणी हळू सोडा, ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) उघडी ठेवून आतली सगळी हवा बाहेर जाऊ द्या. हवा राहिलेला होज फुटला तर तो चाबकासारखा फिरतो. मग ब्रँच बंद करून दाब चढवा. मी चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबावर पाच मिनिटं ठेवतो आणि तेवढा वेळ कोणालाही होजच्या बाजूला उभं राहू देत नाही. दाब उतरवल्यावर रेघ बघा. कपलिंग रेघेपासून सरकलं असेल तर बांधणी गेली. तो होज पुन्हा बांधून पुन्हा तपासायचा. पास झालेला होज सावलीत पूर्ण वाळवल्याशिवाय गुंडाळू नका. मधेच एका जागी फाटलेला ३० मीटरचा होज टाकून देऊ नका. कापून दोन्ही तुकड्यांना नवी कपलिंग बांधली की १५ मीटरच्या आसपासचे दोन होज होतात, आणि गावातल्या बोळांत ते जास्त सोयीचे पडतात.

बीए सेटच्या बाबतीत जरा कठोर व्हा. सहा लिटरच्या ३०० बारच्या सिलिंडरमध्ये साधारण १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटं; धुरात जिने चढणारा माणूस ती त्याहून बराच लवकर संपवतो. म्हणजे एका मोठ्या कॉलनंतर सेट रिकामा. ही हवा भरायला हाय-प्रेशर ब्रीदिंग एअर कंप्रेसर लागतो, आणि छोट्या केंद्रात तो नसतो. मग काय होतं? कोणीतरी हुशारी करून वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणतो. आगीच्या जागी, तेलकट हातांनी, शुद्ध ऑक्सिजनचा सेट म्हणजे पाठीवर बॉम्ब. टायरच्या दुकानातली हवाही तितकीच निरुपयोगी. तिथे दाब पुरत नाही आणि हवेत तेलाची वाफ येते. त्यामुळे बीए सेट द्यायचे असतील तर हवा कुठून भरायची हे देणगीच्या पत्रातच लिहा. तुमच्या प्लांटमध्ये कंप्रेसर असेल तर "रिकामे सिलिंडर आमच्या गेटवर आणून द्या, भरून मिळतील" हे वाक्य सेटांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

सिलिंडरवर बनवल्याची आणि शेवटच्या हायड्रॉलिक टेस्टची तारीख असते. टेस्टची मुदत उलटली असेल तर पेसोने (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) मान्यता दिलेल्या केंद्रातून करून घ्या, आणि तो खर्च तुमचा. बऱ्याच कंपोझिट (फायबर गुंडाळलेल्या) सिलिंडरांचं आयुष्य १५ वर्षं असतं आणि ते त्यांच्या लेबलवरच लिहिलेलं असतं. दोन वर्षं उरलेला सिलिंडर देऊ नका. सेट जोडून व्हॉल्व्ह उघडा, बंद करा, मिनिटभर गेज बघा. काटा दहा बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. मग हवा हळूहळू सोडत हवा संपत आल्याची शिट्टी कितीला वाजते ते बघा, बहुतेक सेटांना ती ५० ते ५५ बारच्या आसपास वाजायला हवी. त्या मॉडेलचे सुटे भाग बाजारात मिळणं बंद झालं असेल तर सेट सरावाच्या ढिगात.

फायर सूटच्या आतल्या शिवणीत लेबल असतं, त्यावर उत्पादनाची तारीख. अमेरिकेतल्या एनएफपीए १८५१ या मानकात सूट, हेल्मेट, ग्लोव्हज हे सगळं उत्पादनापासून दहा वर्षांनी बाद करायला सांगितलंय. मी तोच आकडा धरतो, आणि आठ वर्षांच्या पुढचा सूट देत नाही. अस्तर सुटं करून अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे आतला थर विरळ झालाय. सूट धुऊनच द्या, ब्लीच न वापरता. काजळीचा वास असलेल्या सूटला काही जण अनुभवाची खूण समजतात. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमन दलातलं काम हेच कर्करोगकारक ठरवलंय, त्यामुळे ती काजळी दुसऱ्याच्या अंगावर पाठवण्याचं काही कारण नाही. आणि सूट द्याल तर जोड्यांनी द्या. धुराच्या खोलीत एकटा माणूस जात नाही, निदान जाऊ नये.

एक्स्टिंग्विशर द्यायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते ढिगाने निघतात. दलाला त्यांचा उपयोग कमी. दर थोड्या वर्षांनी रिफिल आणि टेस्टचा खर्च मात्र त्यांच्या गळ्यात पडतो. चालू स्थितीतले पाच-दहा शाळा-कॉलेजात प्रात्यक्षिक दाखवायला द्या, बाकीचे नकोत.

जुन्या फोमचे कॅन देऊ नका. तेलाच्या आगीवर वापरायच्या जुन्या एएफएफएफ फोममध्ये पीएफओएस असू शकतं, आणि हे रसायन २००९ पासून स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात न विरघळता साचत जाणाऱ्या घातक रसायनांच्या यादीत आहे. गावच्या विहिरीजवळ ते ओतलं जायला नको. जुन्या कारखान्यांत राखाडी, जाड, खरखरीत फायर ब्लँकेट आणि ग्लोव्हज सापडतात. ते अ‍ॅसबेस्टॉसचे असण्याची शक्यता दाट. झटकू नका, उलगडू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घातक कचऱ्याच्या मार्गाने पाठवा. हॅलॉन या ओझोन थराला घातक अशा जुन्या अग्निशामक वायूचे सिलिंडरही घातक कचऱ्याच्याच वाटेने.

सरावाच्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइल पेंटने "फक्त सरावासाठी" असं लिहा. चिकटवलेलं लेबल महिनाभरात गळतं. तिसऱ्या ढिगातल्या वस्तू खरोखर तोडा: सूटच्या बाह्या कापा, होज कापा, सिलिंडर पूर्ण रिकामा करून टेस्टिंग केंद्राकडून निकामी करून घ्या. नाहीतर भंगारवाल्याकडून तोच माल फिरून कुठल्यातरी केंद्रात पोचतो.

बंब द्यायचा असेल तर

इथे आधी तारीख बघा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या, नगरपालिकांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालत नाही. वाहन स्क्रॅपिंग केंद्रात जातं. तुमच्या खासगी कंपनीच्या नावावर १३ वर्षं चाललेला बंब नगरपंचायतीच्या नावावर झाला की त्याला दोनच वर्षं उरतात. तेवढ्यासाठी नाव बदलणं, विमा, फिटनेस, टायर, डिझेल हा खर्च त्यांच्या माथी मारायचा का, याचा हिशेब त्यांच्यासमोर बसून करा. दहा वर्षांच्या आतलं वाहन असेल तर जरूर द्या. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलूनच चावी द्या. "कागद नंतर करू" म्हणून दिलेल्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. जुन्या बंबावरचा पंप चांगला असेल तर तो काढून ट्रॉलीवर बसवून देणं हा मला अनेकदा जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

कागदपत्रं

नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात आग विझवणं हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत आहे. म्हणजे तुम्ही एखाद्या मंडळाला वस्तू देत नाही, एका वैधानिक संस्थेला देताय. तिथे नुसता हार-नारळ चालत नाही.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या. सोबत यादी: वस्तू, मेक, अनुक्रमांक, उत्पादनाचं वर्ष, शेवटच्या चाचणीची तारीख आणि माहीत असलेला प्रत्येक दोष. "एका ब्रँचचं हँडल जड फिरतं" हेसुद्धा लिहा. पत्राची प्रत आवक क्रमांकासह परत घ्या. मग सभेचा ठराव, किंवा प्रशासक असतील तर त्यांची मान्यता, आणि त्यानंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) नोंद. या नोंदीचा आग्रह तुम्ही धरा. नोंद नसलेल्या पंपाच्या दुरुस्तीचं बिल लेखा विभाग काढत नाही आणि पंप कायमचा बंद पडतो. याच नोंदीची दुसरी बाजूही आहे. एकदा नोंदवहीत चढलेली वस्तू मोडली तरी निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय फेकता येत नाही. निरुपयोगी माल दिलात तर तो वर्षानुवर्षं त्यांच्या एकुलत्या एका खोलीत जागा अडवून बसतो. काही अधिकारी देणगी घ्यायला टाळाटाळ करतात ती या कारणाने; त्यांना आळशी समजू नका.

कंपनीच्या बाजूने स्थिर मालमत्तेच्या (फिक्स्ड अ‍ॅसेट) नोंदीतून वस्तू कमी करणं, व्यवस्थापनाची मंजुरी, डिलिव्हरी चलान आणि लागू असेल तर ई-वे बिल. युनिट सेझमध्ये असेल तर कस्टम्सची परवानगी आधी. जीएसटीसाठी सीएला विचारल्याशिवाय गाडी भरू नका: खरेदीच्या वेळी क्रेडिट घेतलेली मालमत्ता फुकट दिली तरी करदायित्व येऊ शकतं. सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीने कायद्याने करायच्या सामाजिक खर्चाबद्दल, एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो. जुन्या मालाची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात वस्तुरूप योगदान पैशांत मोजायला स्पष्ट नकार दिलाय. सिलिंडरची टेस्ट, नवी कपलिंग, प्रशिक्षण यांवर होणारा प्रत्यक्ष खर्च त्यात बसतो का, हे मात्र सीएसआर समितीपुढे जरूर ठेवा.

जुनं साहित्य द्यायला निघालेल्या गृहनिर्माण संस्थांनी एवढंच लक्षात ठेवावं की २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो. नवं साहित्य बसून तपासलं जाईपर्यंत जुनं हलवू नका.

कधी आणि कसं पोचवायचं

कंपन्यांना १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह आवडतो. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांची आठवण म्हणून तो पाळतात, औचित्य आहेच. पण ग्रामीण भागातलं दल तेव्हा रोज दोन-दोन कॉलवर पळत असतं. माल जानेवारीत द्या, कार्यक्रम हवा तर एप्रिलमध्ये करा.

पोचवायला तुमचा फायर क्रू बरोबर पाठवा आणि पूर्ण दिवस ठेवा. भाषण नको. त्यांचा बंब, त्यांचं शेततळं, त्यांचा ड्रायव्हर. त्यानेच सक्शन जोडायचं, प्राइमिंग (पंपातली हवा काढून पाणी चढवणं) करायचं, पाणी काढायचं. तुमच्या माणसांनी हात खिशात ठेवावेत. बीए सेट दिले असतील तर प्रत्येकाने मास्क लावून दाढीमुळे हवा सुटते का ते बघायचं, आणि रिकाम्या शाळेच्या खोलीत डोळे झाकून भिंत धरत एक फेरी मारायची. कंत्राटी मुलांना मागे ठेवू नका. रात्रीच्या कॉलला तेच असतात.

मालाबरोबर खोकं भरून सुटे भाग द्या. फिमेल कपलिंगमधलं रबरी वॉशर ही काही रुपयांची वस्तू, पण ते हरवलं की जोडातून कारंजं उडतं आणि ब्रँचला दाब मिळत नाही. शंभर वॉशर, तांब्याची तार, दोन सक्शन पाने, स्ट्रेनरची जाळी, मास्कच्या पट्ट्या. आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट केलेला एका पानाचा तक्ता: वापरल्यावर काय तपासायचं, कोणाला फोन करायचा.

परदेशातून पाठवायचं असेल तर

अमेरिकेत, युरोपात राहणारे आपले लोक विचारतात की तिथल्या फायर डिपार्टमेंटचे बाद झालेले सूट गावी पाठवता येतील का. सहसा नको. वापरलेल्या वस्तूंची, त्यातही कपड्यांची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे, परवान्याशिवाय माल बंदरात अडकतो. अमेरिकन होजचे आटे आपल्या कपलिंगला बसत नाहीत. शिवाय दहा वर्षांनी तिथे बाद झालेला सूट इथे येऊन तरुण होत नाही. तिथून शिकण्यासारखं मात्र आहे. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर राज्याचं वनखातं उद्योगांकडून जुनं साहित्य घेतं, तपासतं आणि स्वयंसेवी दलांना देतं. देणाऱ्याला कायदेशीर जबाबदारीपासून संरक्षणही मिळतं. आपल्याकडे असं कवच आहे असं गृहीत धरू नका, म्हणून वर सांगितलेली दोषांची यादी सही-शिक्क्यासह जपून ठेवा. एमआयडीसीतल्या चार कंपन्यांनी त्यांच्या म्युच्युअल एड (संकटात एकमेकांना मदत करायच्या) गटातून मिळून तपासणी केली तरी अर्धा खर्च वाचतो.

सहा महिन्यांनी

फोन करून "कसं चाललंय" विचारू नका, जा. होज मोजा, वॉशरच्या खोक्यात किती उरलेत बघा. खोकं जसंच्या तसं बंद असेल तर होज वापरले गेले नाहीत, आणि त्याचं कारण शोधा. कदाचित नवा ड्रायव्हर आलाय, कदाचित कपाटाची किल्ली लेखनिकाकडे आहे आणि तो साडेसहाला घरी जातो. बीए सिलिंडरची टेस्ट कधी येतेय ते त्यांच्या फळ्यावर लिहून या आणि तीच तारीख आपल्या प्लांटच्या मेंटेनन्स कॅलेंडरमध्ये टाका, म्हणजे आपले सिलिंडर टेस्टला जातील तेव्हा त्यांचेही त्याच गाडीत जातील.